नॉर्विचचा आळ

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे. नॉर्विच हे त्याचं मुख्य शहर. लिहिताना नॉर्विच लिहायचं, पण तिथली माणसं मधला 'व' गिळून टाकतात आणि 'नॉरिच' म्हणतात. १०९६ साली इथे कॅथीड्रलचं, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचं, बांधकाम सुरू झालं. त्याचा मनोरा सुळक्यासकट ३१५ फूट उंच आहे. इंग्लंडमध्ये याहून उंच सुळका फक्त सॉल्झबरीच्या कॅथीड्रलला. याशिवाय गावात तीसहून अधिक मध्ययुगीन चर्च अजून उभी आहेत. आणि गावाच्या मधोमध उंचवट्यावर नॉर्मन राजांनी बांधलेला चौकोनी दगडी किल्ला आहे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर नातेवाइकांकडे इंग्लंडला जाणं झालं, तेव्हा कॅथीड्रल पाहायचं म्हणून नॉर्विचला गेले. कॅथीड्रल पाहिलंही. पण परत आल्यावर 'तिथे काय पाहिलंस?' असं कुणी विचारलं, की माझ्या तोंडून आधी एका आडाची गोष्ट निघते. तो आड आता दिसत नाही. तिथे आता दुकानं आहेत. पण त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

२००४ साली नॉर्विचच्या चॅपलफील्ड भागात मोठं खरेदी संकुल बांधण्याचं काम चालू होतं. बांधकामाआधी खणताना एक जुना, मध्ययुगीन आड लागला. आत माणसांची हाडं होती. पुरातत्त्वज्ञांनी ती मोजली, तेव्हा किमान १७ जणांचे अवशेष निघाले. त्यांतली ११ मुलं होती. सांगाडे एकमेकांत गुंतलेले होते आणि कित्येक डोक्याच्या बाजूने खाली गेलेले होते.

त्या काळच्या युरोपात मृतांना पुरण्याची रीत काटेकोर होती. प्लेगच्या साथीत रोज शेकड्यांनी माणसं मरायची, तेव्हासुद्धा लंडनमध्ये प्रेतं ओळीने ठेवलेली सापडतात. इथे मात्र कुणी कुणाला पुरलंच नव्हतं. वरून आत टाकलं होतं. ही माणसं कोण? कुणी टाकलं त्यांना? उत्तर मिळायला पुढची अठरा वर्षं गेली. आणि ते समजून घ्यायचं तर आपल्याला आधी ११४४ सालात जावं लागेल.

त्या वर्षी वसंतात, ईस्टरच्या सुमारास, नॉर्विचबाहेरच्या थॉर्प नावाच्या रानात एका मुलाचं प्रेत सापडलं. त्याचं नाव विल्यम. वय बारा. कातड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे तो शिकाऊ होता. खून कुणी केला ते तेव्हा कळलं नाही, आजही माहीत नाही. विल्यमचा मामेकाका म्हणा, मावसा म्हणा, गॉडविन नावाचा नातलग पाद्री होता. त्याने धर्मसभेत उभं राहून सांगितलं, की हे काम शहरातल्या ज्यूंचं आहे.

ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले बेने इस्रायली आठवतात. इंग्लंडमध्ये ज्यू आले ते नॉर्मन राजांच्या मागोमाग, १०६६ नंतर, फ्रान्समधून. नॉर्विचमध्ये त्यांची वस्ती किल्ल्याच्या पायथ्याशी, बाजाराला लागून होती. भरभराटीच्या दिवसांतही ती दोनएकशे माणसांची असावी. ख्रिस्ती माणसाने व्याज घेणं पाप मानलं जाई, म्हणून सावकारीचा धंदा बऱ्याच अंशी यांच्याकडे आला. सरदारांना युद्धासाठी आणि मठांना बांधकामासाठी कर्ज हवं असायचं. कायद्याने ज्यू हे राजाच्या खास मालकीचे. त्यांचं रक्षण राजाने करायचं आणि हवा तेव्हा त्यांच्याकडून कर उकळायचा. म्हणजे गावाच्या दृष्टीने ते परके, सावकार आणि राजाची माणसं, असे तिन्ही एकदम होते.

तरीही ११४४ साली त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. राजाचा अधिकारी, शेरीफ जॉन द चेस्नी याने धर्मसभेचा अधिकार मान्य केला नाही. त्याने ज्यूंना किल्ल्यात आसरा दिला. लोकांचा राग ओसरला, ज्यू आपापल्या घरी परतले. कुणावर गुन्हा शाबीत झाला नाही. गोष्ट इथेच संपायची.

ती संपली नाही, कारण काही वर्षांनी एका शिकलेल्या माणसाने ती लिहून काढली. थॉमस ऑफ मॉनमथ हा साधू ११५०च्या सुमारास कॅथीड्रलच्या मठात आला. खून झाला तेव्हा तो नॉर्विचमध्ये नव्हता. त्याने लॅटिनमध्ये विल्यमचं चरित्र लिहायला घेतलं आणि वीसेक वर्षांत त्याचे सात भाग झाले. ज्यूंनी विल्यमला फसवून घरी नेलं, ख्रिस्ताला दिल्या तशा यातना दिल्या, खांबाला जखडून मारलं, असं त्याने लिहिलं. एवढ्यावर तो थांबला नाही. धर्मांतर केलेल्या थिओबाल्ड नावाच्या एका ज्यूच्या तोंडी त्याने असंही घातलं, की ज्यूंचे पुढारी दरवर्षी फ्रान्समधल्या नार्बोन शहरात जमतात आणि यंदा कोणत्या देशात ख्रिस्ती मूल मारायचं याची चिठ्ठी काढतात.

विल्यमची हाडं टप्प्याटप्प्याने रानातून मठाच्या दफनभूमीत आणि तिथून कॅथीड्रलच्या आत आली. तो संत झाला. नॉर्विचच्या कॅथीड्रलला तोवर स्वतःचा संत नव्हता. शेजारच्या बरी सेंट एडमंड्सच्या मठात मात्र राजा एडमंडच्या समाधीला यात्रेकरूंची रीघ असे. संत म्हणजे नवस, नवस म्हणजे अर्पण, हे गणित सगळीकडे सारखंच.

विल्यमची यात्रा काही फार फोफावली नाही. आळ मात्र फोफावला. ११६८ला ग्लॉस्टर, ११८१ला बरी सेंट एडमंड्स, प्रत्येक ठिकाणी एक मेलेला मुलगा आणि तोच आरोप. ११७१ साली फ्रान्समधल्या ब्लुआ गावात तीसहून अधिक ज्यूंना जाळलं, तिथे तर प्रेतसुद्धा सापडलेलं नव्हतं. १२५५ साली लिंकनमध्ये ह्यू नावाच्या मुलाच्या मृत्यूवरून एकोणीस ज्यूंना ठार करण्यात आलं, या वेळी खुद्द राजाच्या हुकमाने. मुलाच्या खुनाचा असा आळ मध्ययुगात पहिल्यांदा सविस्तर लिहिलेला सापडतो, तो नॉर्विचच्या त्या पोथीत.

आता ११९०कडे येऊ. राजा पहिला रिचर्ड नुकताच गादीवर बसला होता आणि तिसऱ्या धर्मयुद्धाची तयारी चालली होती. तरुण मंडळी जेरुसलेमला निघाली होती. काही जण कर्जात बुडालेले होते. धर्माचे शत्रू शोधायला इतक्या दूर जायचं, मग गावातल्यांचं काय, असा विचार त्यांच्या मनात आला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन राल्फ द डिसेटो याने आपल्या इतिवृत्तात नोंद केली आहे, की ६ फेब्रुवारी रोजी नॉर्विचमध्ये घरात सापडलेल्या सगळ्या ज्यूंची कत्तल झाली आणि काही जणांनी किल्ल्याचा आसरा घेतला. ११४४ साली ज्यांना वाचवलं, त्यांची मुलं-नातवंडं ही. वाचले ते पुन्हा त्याच किल्ल्यामुळे. मार्च महिन्यात यॉर्कला दीडशेच्या आसपास ज्यू मेले. या सगळ्याला थॉमसचं पुस्तक कारणीभूत झालं, असं मी म्हणणार नाही. कर्ज, धर्मयुद्धाचा ज्वर आणि राजाची गैरहजेरी ही कारणं जास्त मोठी होती. पण शेजाऱ्यावर हात उचलताना मनाला जे निमित्त लागतं, ते त्या आळाने तयार ठेवलं होतं.

पुढे १२९० साली राजा पहिल्या एडवर्डने इंग्लंडमधल्या सगळ्या ज्यूंना हद्दपार केलं. नंतर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्या देशात त्यांना उघडपणे राहता आलं नाही. आणि तरी, नॉर्विचजवळच्या लॉडन गावच्या चर्चमध्ये १५००च्या सुमाराचा रंगवलेला लाकडी पडदा आहे, त्याच्या एका फळीवर विल्यमचा छळ चितारलेला आहे. चित्रकाराने उभ्या जन्मात ज्यू माणूस पाहिला नसणार. त्याच्या बापानेही नाही, आजोबानेही नाही. माणसं जाऊन दोनशे वर्षं झाली, आळ तेवढा भिंतीवर राहिला.

आता आपण अभ्यासकांकडे वळू, कारण मला खरं तर त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

थॉमसचं पुस्तक पुढे दृष्टीआड झालं. त्याची एकुलती एक हस्तलिखित प्रत १८८९ साली सफोक परगण्यातल्या ब्रेंट एली या खेड्यातल्या चर्चच्या छोट्याशा ग्रंथसंग्रहात सापडली. ती शोधणारा एम. आर. जेम्स हा केंब्रिजचा तरुण विद्वान. भुतांच्या गोष्टी लिहिणारा म्हणून पुढे तो जगभर माहीत झाला, पण त्याचं खरं काम जुनी हस्तलिखितं वाचण्याचं. नॉर्विचचे ऑगस्टस जेसप आणि जेम्स या दोघांनी १८९६ साली मूळ लॅटिन आणि इंग्रजी भाषांतर छापलं. इथून आळाची फेरतपासणी सुरू झाली. खोटं पुस्तक आहे, तर पुरून टाका, असं त्यांनी केलं नाही. ते छापलं, म्हणून पुढच्यांना तपासता आलं.

आपल्याकडे बखर हातात घेतली, की अभ्यासक आधी विचारतो : लिहिणारा कोण? कधी लिहिलं? कुणाच्या सांगण्यावरून? १९८४ साली गॅव्हिन लँगमुइर या इतिहासकाराने थॉमसला हेच प्रश्न विचारले. पुस्तकातला कोणता पुरावा कोणत्या वर्षी पुढे आला, हे त्याने मांडून पाहिलं. ११४४ साली आरोप होता तो फक्त खुनाचा. खांबाला जखडल्याची गोष्ट नंतरची. ज्यूंच्या घरच्या मोलकरणीने दाराच्या फटीतून काही पाहिलं होतं म्हणे, पण ती बोलली कित्येक वर्षांनी. एका श्रीमंत नागरिकाने ज्यूंना प्रेत नेताना रानात पाहिलं होतं म्हणे, पण त्याने ते सांगितलं मरताना, आणि इतकी वर्षं तो गप्प राहिला तो शेरीफच्या दबावामुळे. तो नागरिक मेलेला, शेरीफही मेलेला. दोघांना विचारायची सोय नाही. लँगमुइरचा निष्कर्ष असा, की या आळाला धर्मविधीचं रूप दिलं ते थॉमसने. काही अभ्यासकांना हे पटत नाही. ती कल्पना त्याच्याही आधी फिरत असावी, असं त्यांचं मत आहे. पण विल्यमला ज्यूंनी मारल्याचा पुरावा नाही, यावर दुमत नाही.

२०१५ साली ई. एम. रोज या अभ्यासिकेचं पुस्तक आलं. तिने बोट ठेवलं ते वेगळ्या जागी. ११४९च्या सुमारास नॉर्विचमध्ये एका ज्यू सावकाराचा खून झाला. आरोप आला त्याच्या कर्जदारावर, सायमन द नोव्हर्स या सरदारावर. खटला राजा स्टीफनपुढे गेला. सरदाराचा बचाव करायला उभा राहिला नॉर्विचचा बिशप विल्यम टर्ब. त्याने उलटा डाव टाकला : आधी आमच्या विल्यमच्या खुनाचं बोला. राजाने निकाल पुढे ढकलला. थंड पडलेला आळ पाच वर्षांनी का उकरला गेला, याचं उत्तर रोज इथे शोधते. ही हकीकत तिला कुठे मिळाली? थॉमसच्याच पुस्तकात.

मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते आणखी एका गोष्टीने. थॉमस पानोपानी कुणाशी तरी भांडत असतो. विल्यमच्या संतपणावर विश्वास न ठेवणाऱ्यांवर तो चिडतो, त्यांना नावं ठेवतो, त्यांचे आक्षेप खोडत बसतो. हे अविश्वासू म्हणजे काही ज्यू नव्हेत. नॉर्विचमधलेच ख्रिस्ती लोक. खुद्द मठाचा प्रमुख एलायस याला हे प्रकरण पसंत नव्हतं. म्हणजे बाराव्या शतकातही 'पुरावा काय?' असं विचारणारी माणसं त्या गावात होती. त्यांनी स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. ती आपल्याला भेटतात ती त्यांच्या विरोधकाच्या रागातून. 'त्या काळी सगळेच तसे होते' हे वाक्य मी वर्गात कितीदा म्हटलं असेन. थॉमसविषयी वाचल्यापासून म्हणवत नाही.

ज्यूंची बाजू कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. तीही अभ्यासकांनी तुकड्यातुकड्यांनी गोळा केली. व्हिव्हियन लिपमन यांनी १९६७ साली कर्जरोखे, कराच्या याद्या आणि घरांचे व्यवहार यांवरून नॉर्विचच्या ज्यू वस्तीचा इतिहास लिहिला. किंग स्ट्रीटवर ज्यर्नेट नावाच्या ज्यू सावकाराच्या घराण्याचं दगडी घर आजही आहे. मी ते बाहेरून पाहिलं. त्याचा मुलगा आयझॅक याचं व्यंगचित्र राजाच्या खजिन्याच्या १२३३ सालच्या कागदावर कुणा कारकुनाने काढून ठेवलं आहे. एका माणसाला तीन तोंडं, आणि भोवती सैतान. सरकारी हिशेबाच्या माथ्यावर ही चित्रकला!

आणि एक कवी होता, मेइर बेन एलिया. तेराव्या शतकात तो हिब्रूमध्ये लिहीत असे. त्याच्या कविता व्हॅटिकनमधल्या एका हस्तलिखितात टिकल्या आणि १८८७ साली छापल्या गेल्या. कडव्यांच्या आद्याक्षरांत त्याने स्वतःचं आणि गावाचं नाव गुंफलेलं आहे, म्हणून तो नॉर्विचचा हे कळलं. त्या कवितांचं इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने २०१३ साली आलं. ज्या गावाने आपल्या माणसांना घालवून दिलं, त्या गावाचं नाव त्याने इतकं जपून ठेवलं होतं.

त्याच २०१३ सालात आडातल्या माणसांचं दफन झालं. तोवरच्या तपासणीतून ते ज्यू असावेत असा तर्क निघाला होता, पण शंका घेणारे जाणकारही होते. नॉर्विचमधल्या आजच्या ज्यू समाजाने पक्क्या पुराव्याची वाट पाहिली नाही. आपले असू शकतील, तर वाऱ्यावर कसे सोडायचे, असं म्हणून त्यांनी आपल्या दफनभूमीत त्यांना विधिपूर्वक मूठमाती दिली.

पक्का पुरावा आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. हाडांचे काही नमुने शास्त्रज्ञांनी राखून ठेवले होते. कार्बन पद्धतीने काळ निघाला ११६१ ते १२१६. या टप्प्यात ६ फेब्रुवारी ११९० येते. सहा जणांचा डीएनए पुरेसा वाचता आला. तो आजच्या अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपात पसरलेल्या ज्यूंशी जवळचा निघाला. त्या समाजात आज जास्त प्रमाणात आढळणाऱ्या काही आनुवंशिक आजारांच्या खुणाही त्यात होत्या. त्या खुणा पुष्कळ अलीकडच्या असाव्यात, असं तोवर मानलं जाई. त्या बाराव्या शतकाच्याही आधीच्या आहेत, हे नॉर्विचच्या आडाने दाखवलं.

त्या सहांमधल्या तिघी सख्ख्या बहिणी होत्या. एक पाच ते दहा वर्षांची, दुसरी दहा ते पंधरा वर्षांची, तिसरी तरुण. आणि एक तीन वर्षांच्या आतला मुलगा. त्याचे डोळे निळे आणि केस तांबूस असावेत, असं डीएनए सांगतो. शास्त्रज्ञांनी ही ११९०च्या कत्तलीची माणसं असल्याची दाट शक्यता सांगितली आहे. शंभर टक्के तेच, असा दावा त्यांनी केलेला नाही. मला हे आवडलं. थॉमसला सगळं ठाऊक होतं. यांनी जेवढं कळलं तेवढंच सांगितलं.

परतल्यावर ही हकीकत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितली. तो म्हणाला, ''बाई, पावणेनऊशे वर्षांपूर्वीची अफवा. आता ती खोटी ठरवून कुणाला काय मिळालं?'' मी त्याला १९३४ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीतल्या 'डेर श्टुर्मर' या नाझी वृत्तपत्राने ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचे बळी देतात, या विषयावर खास अंक काढला होता. जेसप आणि जेम्स यांचं पुस्तक तेव्हा छापून अडतीस वर्षं झाली होती. ग्रंथालयात जाऊन ते उघडण्याची तसदी घ्यायची कुणाला? आळ एका दिवसात घेता येतो. तो उतरवायला पिढ्यान्पिढ्या लागतात, आणि उतरवला तरी तो पुन्हा कुणीतरी उचलतोच. म्हणून त्याचा पुरावा कुठेतरी नीट लिहून, छापून ठेवलेला लागतो. इतिहासाच्या अभ्यासाचा उपयोग विचाराल, तर मला एवढाच सांगता येतो.

नॉर्विच सोडण्याआधी मी किल्ल्याच्या टेकाडावर गेले. आत आता संग्रहालय आहे. तिथून गावातली छपरं दिसतात, कॅथीड्रलचा सुळका दिसतो. मला त्या शेरीफची आठवण झाली. तो फार थोर माणूस होता असं नाही. राजाची मालमत्ता सांभाळणं हे त्याचं कामच होतं आणि ते त्याने केलं. दार उघडलं, माणसं आत घेतली. ११४४ साली तेवढं पुरलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)